दहा अक्षरांची जागा

त्या कार्यालयात एकाच यंत्रावर दोन भाषा नांदत होत्या. एक कोबोल: ऐसपैस, अर्ज लिहावा तशी पूर्ण वाक्यांची. दुसरी असेंब्ली: तुटक, अबोल, यंत्राच्या कानाशी लागून बोलणारी. नेत्ररुग्णालयाचे सगळे काम त्या मेनफ्रेमवर, म्हणजे त्या मोठ्या जुन्या धाटणीच्या संगणकावर चाले, आणि गेल्या वीस वर्षांत नवे जे काही लिहिले गेले ते कोबोलमध्येच. पण त्या नव्याच्या तळाशी असेंब्लीतले एकतीस छोटे प्रोग्राम होते. वरच्याला काही अडले की तो खालच्याला हाक मारी. खालचा येई, सांगितलेले काम करून ठेवी आणि मुकाट्याने निघून जाई.

ते एकतीसही एकाच माणसाने लिहिले होते. त्याला निवृत्त होऊन सात वर्षे झाली, तरी तो आठवड्यातून तीन दिवस करारावर येत असे. कारण जुन्या यंत्रावरून नव्यावर येताना त्याच्या प्रोग्रामांचा मूळ मजकूर कुठेतरी गहाळ झाला आणि यंत्राला चालवता येईल एवढेच रूप उरले. ते चालत होते. का चालतात, हे सांगणारा तो एकटा. पाठीमागे सगळे त्याला 'मूळपुरुष' म्हणत, तोंडावर 'काका'.

ही गोष्ट ज्याची आहे, तो सव्वीस वर्षांचा होता आणि फार बोलत नसे, म्हणून त्याचे नाव 'मौनी' पडले होते. ते शेजारच्या मेजावरच्या सहकाऱ्याने ठेवले. तो सहकारी अखंड बोले; मौनीने मनातल्या मनात त्याला 'रेडिओ' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव, कसे कोण जाणे, महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी गेले.

डोळे तपासून गेलेल्या माणसाला पुन्हा केव्हा बोलवायचे ते ठरवून त्याला पत्र पाठवणारा प्रोग्राम मौनीने नव्याने लिहायला घेतला होता. पुढची तारीख काढून देणारा काकांचा एक प्रोग्राम होताच. त्याला सगळे 'तारीखवाला' म्हणत. तो सुट्ट्या टाळून, रविवार टाळून, रुग्णालय उघडे असेल असा नेमका दिवस शोधून देई. त्याला हाक कशी मारायची ते विचारायला मौनी काकांच्या मेजापाशी गेला आणि बराच वेळ नुसता उभा राहिला.

"बस," काका म्हणाले. "उभं राहून काही कळत नाही या धंद्यात. हे बघ, तू याला वस्तू देत नाहीस, यंत्रातल्या जागेचा पत्ता देतोस. हा त्या पत्त्यावर जातो, आणलेलं सामान उतरवतो आणि परत येतो. घर केवढं आहे, शेजारी कोण राहतं, हे तो बघत नाही."

"बघायला नको का?"

"माझ्या वेळी यंत्रात जागाच एवढीशी. बघण्यात ती घालवली असती तर कामाला उरली नसती. म्हणून घर पुरेसं मोठं बांधायचं ते बोलावणाऱ्याने." ते हसले. "बोलावणाऱ्याची जबाबदारी जास्त असते, बाबा. सगळीकडेच."

मग त्यांनी खणातून एक जुने, यंत्राला भोकांनी माहिती पुरवायचे पंचकार्ड काढले आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर शिसपेन्सिलीने, गोलसर अक्षरात, काय द्यायचे आणि काय परत येईल ते ओळीने लिहिले. शेवटची ओळ अशी होती: 'निकाल: तारीख आठ, वार दोन. एकूण दहा अक्षरे.'

मौनीला वार नको होता. पत्रावर तारीख तेवढी छापायची होती. त्याने आपल्या प्रोग्रामात तारखेसाठी आठ अक्षरांची जागा राखली आणि तिला लागूनच रुग्णाचा दोन अक्षरांचा संकेत ठेवला. शून्य-एक म्हणजे तातडीने बोलवा. पुढे निकड उतरत जाई. शून्य-सहा म्हणजे उपचार पूर्ण, पत्र पाठवू नये. जे आपण मागितलेच नाही ते कोणी आणून कशाला ठेवील, असे त्याला वाटले. खरे तर तेवढेही वाटले नाही. कार्डावरचे 'दहा' त्याने वाचले आणि ते आपल्यासाठी नाही असे समजून तो पुढे गेला.

चाचणीसाठी त्याने दहा काल्पनिक रुग्ण तयार केले. पहिला मन लावून केला. बाकीचे नऊ कंटाळून त्याच्याच नकला काढून केले. दहाही जण तातडीचे, दहांचीही मागची तपासणी एकाच दिवशी झालेली. साहजिकच दहांचीही पुढची तारीख एकच आली आणि ती सोमवारी आली. तारीखवाल्याच्या हिशेबी सोमवार म्हणजे शून्य-एक. ते शून्य-एक तारखेच्या पुढे सरकून तातडीच्या शून्य-एकवर अलगद जाऊन बसले, आणि कुणाला काही दिसले नाही. रेडिओने चाचणीच्या कागदावर सही करताना म्हटले, "दहापैकी दहा! शाळेत असतास तर बाईंनी हातावर तारा काढला असता."

सहा आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, रुग्णालयाच्या दारात माणसांची रांग लागली. सगळ्यांच्या हातात तातडीची पत्रे. एक निवृत्त पोस्टमास्तर दोन दिवसांचे कपडे भरलेली बॅग आणि दोन्ही जावई घेऊन आले होते. डॉक्टरांनी तपासले, तर त्यांचे डोळे जावयांपेक्षाही चांगले निघाले. कार्यालयात दुपारपर्यंत हाच विनोद चालला. मग त्या डॉक्टरांचा फोन आला. ज्यांना गरज नव्हती त्यांना पत्रे आली, ते ठीक. पण ज्यांना गरज होती त्यांचे काय?

संध्याकाळपर्यंत कळले. बहुतेकांच्या पत्रांचा मजकूर चुकला होता, तरी तारीख बरोबर होती; ते येऊन गेले होते किंवा येणार होते. पण ज्यांची तारीख शनिवारी पडली त्यांचा संकेत शून्य-सहा झाला होता. अशा त्रेचाळीस जणांना पत्रच गेले नव्हते.

मंगळवारी मॅडमनी सगळ्यांना लहान खोलीत बोलावले. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख. पंधरा वर्षांपूर्वी त्याही काकांच्या हाताखाली शिकल्या होत्या. मेजावर यंत्राच्या स्मृतीचा छापील उतारा पसरला होता, आकड्यांचे अथांग रकाने, आणि एका ओळीखाली लाल रेघ होती.

"संकेत बदलणारी आज्ञा ही," मॅडम म्हणाल्या. "आणि ही तारीखवाल्याच्या हद्दीत आहे."

काकांनी चष्मा वर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. समोर बसलेल्या मौनीला ती ओळ उलटी दिसत होती. तरी ती त्याने वाचली. वार. नको असलेला वार.

"काका, तुमच्या प्रोग्रामने आपली जागा सोडून पुढे लिहिलं का?"

"लिहिलं," काका म्हणाले.

"का?"

काकांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला आणि ते काचा पुसू लागले. आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही. पुढे कित्येकदा मौनीने तो वेळ मनात मोजला. मिनिटभराचा असेल. ते मिनिट काकांनी त्याच्यासाठी मोकळे ठेवले होते, हे त्याला तिथे बसल्या बसल्याच कळत होते. त्याने ओठ उघडलेही. पण शब्दाला वर यायला त्याच्या घशात नेहमीच वेळ लागे.

"जुनं झालं की असं व्हायचंच," रेडिओ म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला शांतता सहन होत नसे. आणि ते मिनिट संपले.

मॅडमनी वही मिटली. तारीखवाला काढून टाकायचा, पाठोपाठ उरलेले तीसही एकेक करून. काकांचा करार महिनाअखेरीस संपत होताच.

"तो पुढे..." त्या अडखळल्या.

"नका वाढवू," काका म्हणाले.

"अहवाल शुक्रवारी रुग्णालयाला जायला हवा. मौनी, तू लिही. तुझी भाषा चांगली आहे. कुणाचं नाव नको. 'जुन्या प्रोग्रामातील दोष' एवढं पुरे."

नावाची गरजच नव्हती. जुना प्रोग्राम म्हणजे कोण, हे रुग्णालयातल्या शिपायालाही ठाऊक होते. चाळीस वर्षे ज्या माणसाचे बोट कधी चुकले नाही, त्याचा निरोप आता या एका वाक्याने व्हायचा होता, आणि ते वाक्य मौनीने लिहायचे होते.

बुधवारी त्रेचाळीस नावांची वाटणी झाली. चौदा मौनीकडे आली. फोन करायचा, माफी मागायची, उद्याची वेळ द्यायची. कारण विचारले तर 'तांत्रिक अडचण' म्हणायचे.

"त्याला काय, तो जास्त बोलेल ही भीतीच नाही," रेडिओ म्हणाला. "याने फोन केला की समोरच्यालाच 'अहो, कोण बोलतंय, कोण बोलतंय' करावं लागतं."

नववे नाव एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे होते. मागे शिवणयंत्राची घरघर चालू होती. त्यांनी ती थांबवली.

"पत्र आलं नाही ना," त्या म्हणाल्या, "म्हणून मला वाटलं, आता सगळं ठीक असेल. नको असेल माझी गरज, म्हणून बोलावत नाहीत. सुईत दोरा ओवायला त्रास व्हायचा, पण म्हटलं, वय झालं."

"तुम्ही... उद्या येऊ शकाल का? दहा वाजता?"

"येते की. पण पत्र का नाही आलं?"

त्याच्यासमोर कागदावर दोन शब्द लिहिलेले होते. त्याने ते वाचले.

"तांत्रिक अडचण."

"असू दे रे बाळा. मशीनचं काम. तुझा काय दोष त्यात?"

फोन ठेवल्यावर तो उठून जिन्यात गेला आणि बराच वेळ कठड्याला हात लावून उभा राहिला. कठडा थंड होता. कोणीतरी आपल्यावर ओरडावे, हात धरून विचारावे, असे त्याला वाटत होते. आणि कोणीच विचारू नये असेही वाटत होते. दोन्ही इच्छा इतक्या सारख्या जोराच्या होत्या की तो तिथेच थांबून राहिला.

गुरुवारी काका आले. आपल्या मेजावरच्या वस्तू त्यांनी एका खोक्यात भरायला सुरुवात केली होती; फूटपट्टी, दोन पेन्सिली, काठ उडालेला कप. मध्येच उठून ते मौनीच्या मेजापाशी आले. आजवर तोच त्यांच्याकडे जाई.

"ते कार्ड आहे का रे तुझ्याकडे? मागे लिहून दिलेलं?"

कार्ड खणात होते. खणाच्या मुठीवर मौनीचा हात होता.

"बघतो," तो म्हणाला. "सापडलं तर देतो."

काकांनी त्या हाताकडे पाहिले. मग त्याच्या तोंडाकडे.

"सापडेल," ते म्हणाले आणि खोक्याकडे परत गेले.

त्या संध्याकाळी ताईने ताट वाढले आणि तो नुसताच बोटे फिरवत बसला. आईवडिलांच्या मागे तो ताईकडेच राहत असे. ताई एका शाळेत गणित शिकवी, आणि घरीही तिची नजर उत्तराआधी कृतीवर जाई.

"काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही, असं तू दोन वेळा म्हणतोस. खरंच काही नसतं तेव्हा, आणि लहानपणी माझी पट्टी मोडलीस तेव्हा."

भावजी पेपरामागून म्हणाले, "प्रेमात पडला असेल."

"तुम्ही पेपर वाचा. याला प्रेमात पडायचं तर आधी कुणाशी तरी बोलावं लागेल." मग तिचा आवाज उतरला. "पट्टीचं आठवतं? आठ दिवस मी कामवाल्या मावशींवर संशय घेतला. त्यांनी काम सोडलं, मग तू सांगितलंस."

"त्या परत आल्या नाहीत," मौनी म्हणाला.

"नाही आल्या. मी गेले होते बोलवायला."

ताईला काहीच माहीत नव्हते. ती फक्त आठवण सांगत होती. त्याने ताट पुढे सरकवले आणि हात धुवायला उठला. नळाखाली हात धरून तो किती वेळ उभा होता कोण जाणे. शेवटी भावजींनीच येऊन नळ बंद केला आणि त्याच्या खांद्यावर पंचा टाकला.

शुक्रवारी सकाळी रुग्णालयाकडून त्याची यादी परत आली. प्रत्येक नावापुढे डॉक्टरांनी शेरा लिहिला होता. 'ठीक.' 'ठीक.' 'औषध बदलले.' नवव्या नावापुढे जरा जास्त लिहिले होते: 'उजव्या डोळ्याची कडेची नजर कमी झाली आहे. ती परत येणार नाही. उरलेली राखण्यासाठी उपचार सुरू. महिनाभर आधी यायला हवे होते.'

त्याने तो शेरा दोनदा वाचला. शिवणयंत्राची घरघर आणि ती थांबल्यानंतरची शांतता त्याला आठवली. ती बाई कापडाच्या कडेने सुई नेत असेल, आणि ती कडच आता...

त्याने अहवाल लिहायला घेतला. आदल्या दिवशीचा मसुदा त्याने पुसून टाकला. नवा अहवाल दीड पानांचा झाला. त्यात त्याने लिहिले, की तारीख काढणारा प्रोग्राम दहा अक्षरे परत देतो, आणि तो गेली चाळीस वर्षे तितकीच देत आला आहे. की ही गोष्ट बोलावणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला लेखी सांगण्यात आली होती. की त्याने आठच अक्षरांची जागा ठेवली. की त्याने दहा वेगळ्या रुग्णांऐवजी एकाच रुग्णाच्या दहा प्रती करून चाचणी केली. आणि की हे सर्व त्याला मंगळवारच्या बैठकीतच कळले होते. शेवटचे वाक्य लिहायला त्याला बाकीच्या दीड पानाएवढा वेळ लागला. खाली त्याने आपले पूर्ण नाव लिहिले, सही केली, आणि खणातून कार्ड काढून टाचणीने जोडले.

मॅडमनी अहवाल उभ्यानेच वाचला. कार्ड उलटून पाहिले.

"मंगळवारी तू इथेच बसला होतास."

"हो."

"आणि मी त्यांच्याशी तसं बोलले. तुझ्यादेखत. ज्यांनी मला हातात पेन्सिल धरायला शिकवली त्यांच्याशी." त्यांचा चेहरा लाल झाला होता, रागाने की लाजेने, ते त्याला कळले नाही. "मला वाटायचं, तू बोलत नाहीस कारण तू विचार करतोस."

तो उभाच राहिला.

"हा असाच जाईल," त्या म्हणाल्या. "एक शब्दही न बदलता. पुढचं पुढे बघू. आता त्यांच्याकडे जा. आधी तू, मग मी."

काका खिडकीजवळ खोक्याला दोरी बांधत होते. मौनी त्यांच्यासमोर गेला आणि या वेळी विचार न करता बसला.

"कार्ड मॅडमकडे दिलं," तो म्हणाला. "चूक माझी होती. मी आठच ठेवली. मला... वार नको होता."

"माहीत आहे."

"मंगळवारपासून?"

"तो कागद पाहिला तेव्हाच. मला अजून वाचता येतं." त्यांनी दोरीची गाठ ओढली. "पहिल्यांदा म्हटलं, मीच सांगून टाकावं. मग म्हटलं, थांबू. मुलगा आहे, सांगेल."

"मी आता सांगितलं, काका. सगळं लिहिलं. काल खोटं बोललो तेवढं लिहायचं राहिलं."

"ते आपलं आपण ठेवू." काकांनी दोरीचे उरलेले टोक खोक्याखाली खोचले. "त्या खोलीत बोलला असतास तर मला आनंद झाला असता. आता नुसतं बरोबर झालंय."

हे त्यांनी रागाने म्हटले नाही, आणि म्हणूनच ते मौनीला पुढे आयुष्यभर विसरता येणार नव्हते.

थोड्या वेळाने मॅडम आल्या. त्या आणि काका दाराशी हळू आवाजात बोलत राहिले. मॅडमनी एकदा डोळ्यांना रुमाल लावलेला त्याने लांबून पाहिला. करार वाढवायला काकांनी तेव्हाही नकारच दिला. फक्त महिनाअखेरीपर्यंतचे दिवस त्यांनी मागून घेतले, रोजचे, आणि परत येऊन खोक्याची दोरी सोडली.

"वही काढ," ते मौनीला म्हणाले. "एकतीस आहेत. मी सांगतो, तू लिही. कुणाला काय द्यायचं, कोण काय आणून ठेवतो, त्याला किती जागा लागते. कार्डावर नाही, वहीत. सगळ्यांना सापडेल अशा वहीत."

रेडिओ आपल्या मेजावरून हे पाहत होता. तो काही बोलला नाही. नुसता उठला आणि दोन कप चहा त्यांच्यापुढे ठेवून गेला.

मौनीने वही उघडली, आणि मग लगेच मिटली.

"काका, एक फोन करून येतो."

शिवणाऱ्या बाईंनी फोन उचलला. या वेळी मागे यंत्र चालू नव्हते. त्याने आपले नाव सांगितले, आणि सांगितले की अडचण तांत्रिक नव्हती. पत्र त्याच्या चुकीमुळे आले नाही. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. तो वाट पाहत राहिला. ते मिनिट त्यांचे होते.

"मी तुला त्या दिवशी बाळा म्हटलं," अखेर त्या म्हणाल्या.

"हो."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा बाळा म्हटले नाही.

तो परत येऊन बसला. चहावर साय धरली होती. काकांनी पेन्सिलीला टोक काढून ठेवले होते आणि ती त्याच्याकडे सरकवली.

"पहिला तारीखवाला," काका म्हणाले. "लिही. निकाल: तारीख आठ."

त्याने लिहिले.

"वार दोन."

त्याचा हात थांबला. काकांनी घाई केली नाही. खिडकीबाहेर पाहत ते तसेच बसून राहिले, मंगळवारी बसले होते तसे. मग त्याने लिहिले, वार दोन, आणि त्याखाली, कोणी सांगितले नसतानाही, ठळक अक्षरांत लिहिले: एकूण दहा अक्षरे.